भुताच्या वाटेवर जायचं तर भूत सोडून बाकी सगळ्याला भ्या

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे आता एक नवीनच फॅड निघालंय, हॅलोवीन. काही वर्षांआधी हे नाव कोणी घेतलं असतं तर लोकांना वाटलं असतं सोयाबीनचं नवीन वाण आलं का काय. आता उमरेडच्या पुढे भिवापूरकडे जाताना रोडच्या कडेला एखाददुसऱ्या शेतावर फ्लेक्स दिसतो, कवटी, कोहळं, एक केस मोकळे सोडलेली बाई आणि खाली "हॉरर ट्रेल, फॅमिली वेलकम, जेवणासहित". नागपूरचे लोक गाड्या भरभरून येतात, दीडशे-दोनशे रुपये देतात, अंधारात आमराईतून चालतात, बोंबलतात आणि पाटवडी रस्सा खाऊन घरी जातात. मी दोन वर्षं पैसे देऊन गेलो, तिसऱ्या वर्षी मलाच साडी नेसवून मोहाच्या झाडामागे उभं केलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघून झालंय. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, हॅलोवीन 31 ऑक्टोबरला असतं, मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, तिकडे पीक निघालं की साविन नावाचा सण असायचा आणि त्या रात्री मेलेली माणसं फिरतात असं मानायचे. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, मग ते लोक अमेरिकेत गेले आणि तिथे कोहळी मोठी मिळाली म्हणून सलगमाचं कोहळं झालं. (पुण्याकडच्यांसाठी, कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा.) आपल्याला हे सगळं काही परकं नाही, पितरं आपल्याकडेही येऊन जेवून जातात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, काढतातच की. फक्त आपण भुताला हाकलतो, तिकडचे तिकीट काढून त्याला भेटायला जातात. तिकडचे शेतकरी आलेल्या लोकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळल्या गवतावर बसवून रानातून फिरवतात आणि झाडीतून भुतं अंगावर सोडतात, ते बघून इकडच्या एका पोट्ट्याच्या डोक्यात आलं की ट्रॉली आपल्याकडे आहे, तणस (धानाचा पेंढा) आहे, अंधार तर फुकटच आहे.

आता मुद्द्याचं. त्या रात्री वावरात सगळ्यात सुरक्षित गोष्ट कोणती असेल तर ती भूत. भुताला ऑर्गनायझरने सांगून ठेवलेलं असतं की कोणाला हात लावायचा नाही, त्याला पाचशे रुपये मिळणार असतात आणि त्याला भूकही लागलेली असते. बाकीच्या गोष्टींना कोणी काही सांगितलेलं नसतं. विहिरीला माहीत नसतं हॅलोवीन आहे म्हणून.

म्हणून बुकिंगसाठी फोन कराल तेव्हा "भूत किती आहेत" हे नंतर विचारा, पहिले विचारा जागा कुठे आहे. गावाला लागून कोणाची खाजगी आमराई, वाडी, वावर असेल तर ठीक. "जंगलात आहे सर, एकदम रिअल" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. आपल्या पट्ट्यात एका बाजूला उमरेड-कऱ्हांडला, पुढे ताडोबा, वाघ काही नकाशा बघून फिरत नाही, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय घुसणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावर बसवतं ते वेगळं, ते त्यांच्या देखरेखीत असतं. नाल्याच्या काठाने, झुडपी जंगलाच्या कडेने संध्याकाळनंतर पन्नास लोकांना चालवणारा माणूस शूर नाही, येडा आहे.

दुसरा प्रश्न विहिरीचा. आमच्या भागात जुन्या विहिरींना कठडा नसतो, जमिनीच्या लेव्हलला तोंड असतं आणि ऑक्टोबरमध्ये काठावर कमरेएवढं गवत वाढलेलं. मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा वाटेपासून आठ-दहा फुटांवर अशीच एक विहीर होती, तिच्याभोवती नुसती नायलॉनची दोरी बांधलेली आणि दोरीला पांढऱ्या पन्न्या लटकवलेल्या, ती पण आम्हाला सजावटच वाटली. माझा मित्र फोटो काढायला दोरीच्या आत पाय टाकत होता तेवढ्यात मागून झाडावरचं भूतच ओरडलं, "ओ भाऊ, विहीर हाय तिकडं!" ज्याला आम्ही भिऊन राहिलो होतो त्यानेच वाचवलं. तेव्हापासून मी सरळ विचारतो, विहीर कुठे आहे, झाकली आहे का, तिथे माणूस उभा आहे का. चिडला ऑर्गनायझर तर चिडू द्या.

तिसरा, करंट. रानडुकरांनी धान-तूर उकरू नये म्हणून कुंपणाला तार लावतात. झटका मशीन असेल तर ती झटका देऊन सोडते, पण काही जण थेट लाइनचा करंट सोडतात, ते बेकायदेशीर आहे आणि त्याने विदर्भात माणसंही मेलीत, वाघही मेलेत. ऑर्गनायझरने स्वतःच्या वावरातली तार बंद केली असेल हो, पण बाजूच्या वावरवाल्याला सांगितलं का? हा प्रश्न विचारला की समोरचा दोन सेकंद गप्प होतो, त्या दोन सेकंदांवरून कळतं जायचं की नाही ते. आणि काहीही झालं तरी वाट सोडून धुरा (शेताचा बांध) ओलांडायचा नाही.

तारीख निवडताना कालनिर्णय बघा. हे कोणी करत नाही, पण सगळी मजा यावरच आहे. कोजागिरीपासून दिवाळीच्या अवसेपर्यंत चंद्र रोज उशिरा-उशिरा उगवतो, त्यामुळे कोजागिरीनंतर पाच-सहा दिवस गेले की संध्याकाळी सात ते नऊ गच्च अंधार मिळतो. 31 तारीख कधी चांदण्यात येते कधी अंधारात, 2020 ला ती कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आली होती, पेपर वाचता येईल असा उजेड, आणि 2024 ला नेमकी नरक चतुर्दशीला आली. लहान पोरं सोबत असतील तर चांदणं असेल तो दिवस घ्या. खरंच भ्यायचं असेल तर वद्य पक्ष. दिवस मात्र लवकर मावळतो, ऑक्टोबरच्या शेवटी पावणेसहाच्या आधीच सूर्य गेलेला असतो, म्हणून पाच-सव्वापाचला पोचा आणि उजेडात एकदा वाट बघून घ्या. कोणी म्हणेल मजा जाते, नाही जात, दिवसा पाहिलेलं झाड रात्री ओळखू येत नाही. आणि दहाच्या आतला स्लॉट घ्या, दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, तो रडणाऱ्या बाईचा आवाज बंद झाला की मग नुसते रातकिडे आणि दूर कोणाच्या तरी वावरात जागलवाला डबा बडवतोय. खरं सांगू, ते जास्त भीतीदायक आहे, पण तुम्ही पैसे त्या बाईच्या आवाजाचे दिलेत.

कपडे. नागपूरच्या मुली सँडल घालून येतात आणि मुलं शॉर्ट्सवर, आणि मग अर्धी रात्र कुसळं काढत बसतात. ऑक्टोबरमध्ये गवताला कुसळ धरलेलं असतं, ते पॅन्टमध्ये घुसतं, पॅन्टमधून मोज्यात, मोज्यातून कातडीत, आणि धुतल्यावरही निघत नाही, एकेक उपटावं लागतं. फुल पॅन्ट, जीन्स असली तर उत्तम, घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काठावरच्या वेलीला तपकिरी मखमली शेंगा लटकलेल्या दिसल्या तर हात लावू नका, ती खाजकुहिली आहे, तिच्यासमोर हडळ काहीच नाही. गवतात फतकल मारून बसू नका, पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, 2018 ला नागपूर भागात पुष्कळ लोकांना झाला होता. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करा. दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आठवणीने सांगा की वावरात गेलो होतो, ते एक वाक्य फार कामाचं असतं.

सापाचं वेगळं लिहितो कारण लोक यात हसतात. धान कापणीला आलं की उंदीर, उंदरामागे साप. नाग, घोणस, मण्यार तिन्ही आपल्याकडे आहेत. जोरात पाय आपटत चाला, जमिनीच्या हादऱ्याने तो निघून जातो, म्हणजे वाटेवर चोरपावलांनी चालणं भुतासाठी ठीक पण गवतात नाही. खाली बघायला एक टॉर्च जवळ ठेवा, ऑर्गनायझर नको म्हणाला तरी ठेवा, खिशात ठेवा पण ठेवा. चावलाच तर पळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता 108 ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय, तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं. मण्यार चावली तर कधीकधी दुखतही नाही, खूणही दिसत नाही, माणूस म्हणतो काही नाही काटा लागला असेल. काटा लागला असेल म्हणून झोपायला जायचं नाही. आणि मांत्रिकाकडे नेऊ म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला चहा पाजून बसवून ठेवा.

ग्रुप पाच-सहाचा बरा. दहाच्या वर गेला की ते वऱ्हाड होतं, कोणी भीतच नाही, एक जण सतत जोक मारतो. आता आतली गोष्ट सांगतो, मी भूत होतो म्हणून माहीत आहे. भूत शक्यतो समोरून येत नाही, बाजूने किंवा मागून येतं, कारण तुम्ही पुढे पळायला पाहिजे. मागे पळालात तर मागच्या ग्रुपवर आदळाल आणि कोणाचे तरी दात पडतील. म्हणजे समोर जे काही लटकताना दिसतंय, बाहुली, पांढरा कपडा, लाल बल्ब, ते तुमची नजर तिकडे ओढायला आहे, खरा माणूस त्याच्या उलट्या बाजूला उभा आहे. हे माहीत असूनही दचकायला होतं, मी स्वतः दचकतो. आम्ही सावज कसं निवडतो तर जो मोठ्याने म्हणतो "मी नाही भीत बे" तो पहिला. जी बाई नवऱ्याचा दंड घट्ट धरून डोळे मिटून चाललीय तिला आम्ही सोडून देतो, नवऱ्याला धरतो. भ्यायचं असेल तर सगळ्यात शेवटी चाला. नको असेल तर मध्ये, गर्दीत, कोणाच्या तरी शर्टला धरून.

मोबाईल बंद ठेवा, हे भुतासाठी नाही तुमच्यासाठी सांगतोय. अंधाराला डोळा नीट सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा फ्लॅश मारला की सगळं पहिल्यापासून. ज्यांनी मोबाईल खिशात ठेवला त्यांना मोहाच्या फांद्या दिसल्या, धुऱ्यावरची तूर हलताना दिसली, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यात आकाश दिसलं. ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांना घरी जाऊन काळा स्क्रीन आणि स्वतःचं ओरडणं मिळालं.

भुताला मारू नका. हे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. एका साहेबांनी दचकून माझ्या खांद्यावर स्टीलची टॉर्च हाणली, पंधरा दिवस हात वर जात नव्हता. त्यांची चूक नाही म्हणा, माणूस भ्याला की हात चालतो, पण हातात काठी, बाटली, टॉर्च धरून चालू नका. भुताची अवस्था तुम्हाला माहीत नसते. आमचा मेकअप करायला वडशाकडचा झाडीपट्टी नाटकातला एक माणूस आला होता, दिवाळीनंतर त्यांचा सीझन लागतो, त्याच्या आधी मोकळा होता. त्याने चेहरा असा काही रंगवला की मी आरशात बघून स्वतःच मागे सरकलो. पण रक्त कोणी केलं तर ऑर्गनायझरच्या भाच्याने, गुळाच्या पाकात लाल रंग कालवून. अर्ध्या तासात साडीला मुंगळे लागले. आता विचार करा, जीन्सवर साडी, डोक्यावर केसांचा विग, मानेवर डास, पायातून मुंगळे वर येऊन राहिले आणि समोरून ग्रुप आला म्हणून हलायचं नाही. त्या रात्री मी जो किंचाळलो त्यातला अर्धा अभिनय नव्हता. लोक म्हणाले काय रिअल आवाज काढला भाऊ.

त्यातच एक म्हातारी आजी आली, नातवंडांसोबत, नऊवारीत, काठी टेकत. मी झाडामागून हात पसरून निघालो. आजी थांबली, कंदिलाच्या उजेडात मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काहून रे पोट्ट्या, साडी अशी नेसतेत का? निऱ्या कुठी गेल्या?" आणि तिथेच वाकून निऱ्या खोचायला लागली. मागचा ग्रुप येऊन उभा, हडळीच्या निऱ्या नीट होईपर्यंत सगळे थांबले.

म्हाताऱ्या माणसांना नेऊ शकता मग, पण हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बायका, फिट येणारे, यांना जेवणाच्या मंडपात बसवा. लहान पोरांचं म्हणाल तर सात-आठच्या खालचं नको, आणि पोरगं मध्येच म्हणालं घरी जायचं तर "मर्द बन" वगैरे करू नका, लगेच बाहेर काढा. मधूनच बाहेर पडायची वाट असते, नसेल तर त्या जागी जाऊच नका. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये 1984 च्या मे महिन्यात एका पार्कातल्या भुताच्या किल्ल्याला आग लागली आणि आतल्या 8 पोरापोरींना बाहेर पडता आलं नाही. आपल्याकडे तर सगळीकडे तणस, कुटार, वाळलेलं गवत आणि त्यात टेंभे पेटवलेले. पाण्याचे ड्रम भरून ठेवलेत का ते डोळ्यांनी बघा. बिडी-सिगारेट जेवणानंतर, रोडवर जाऊन.

वाट चुकलीच तर? तूर डोक्याच्या वर गेलेली असते, दोन बांध्या (धानाची खाचरं) चुकल्या की सगळीकडे सारखंच दिसतं, त्यालाच आपल्याकडे चकवा म्हणतात. आमची आजी सांगायची चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथेच थांबायचं, झटापट केली की तो आणखी फिरवतो. चकव्याचं माहीत नाही, पण विहिरी आणि तारा असलेल्या वावरात याच्यापेक्षा चांगला सल्ला नाही. थांबा, हाक मारा, टॉर्च वर करून हलवा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वेश करून जात असाल तर मुंजा व्हा, खवीस व्हा, इंग्रजी व्हॅम्पायर व्हा, पण गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीसारखं दिसणारं, बोलणारं भूत करू नका, आणि ऑर्गनायझर करत असेल तर तोंडावर सांगा. आपल्याकडे करणी-भानामतीचा संशय अजून मेलेला नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं होतं. नागपूरचे लोक हसून गाडीत बसून निघून जातात, ती म्हातारी मात्र त्याच गावात राहते. तसंच स्मशान, देवस्थान, गोंड लोकांची पूजेची जागा यांच्या आसपास ट्रेल ठेवली असेल तर तिकीट परत मागा.

जेवण चांगलं असतं, त्यावर जास्त काय लिहू, पाटवडी तिखट असते, पाणी सोबत ठेवा. कोरलेल्या कोहळ्यांचं काय करता विचारा, आमच्या इथे दुसऱ्या दिवशी ती गाईला घालतात. मेणबत्तीचं मेण आधी खरवडून काढतात का हेही विचारा.

परत जाताना घाई करू नका. अख्ख्या रात्रीत सगळ्यात जास्त धोका कुठे असेल तर तो या रोडवर, डुकरं कळपाने आडवी येतात, एक गेलं म्हणून गाडी दामटली की मागची चार असतात. बिनालाईटच्या बैलगाड्या असतात, रोडवर धान वाळत घातलेलं असतं आणि त्याच्या कडेला दगड लावलेले असतात. फटफटी असेल तर गावातच मुक्काम करा.

आणि घरी आल्यावर आई जे करेल ते करू द्या. मी त्या रात्री दीड वाजता तोंडावर अर्धा मेकअप घेऊन आलो तर आईने उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं, पाय धुवायला लावले, मग मूठभर मीठ आणि पाच लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर लागलेली आहे, आला तर काही नाही, असा हिशोब. भिवापुरी मिरची होती. बाबा खोकत उठले, बहीण खोकत बाहेर आली, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, आणि आई डोळे पुसत पुसत म्हणाली, काही नाही लागलं, जा झोप.